पेशकारांच्या खडूच्या भिंती

माणसाची अक्कल बुडात असते, असं आमच्या पेशकारांचं ठाम मत होतं, आणि हे मत ते कुणालाही, कधीही, न विचारता ऐकवत. कचेरीत नवी खुर्ची आली की ते आधी स्वतः तिच्यावर अख्खा दिवस बसून काढायचे आणि संध्याकाळी निकाल द्यायचे. ही खुर्ची तापट आहे, हिच्यावर बसणारा भांडेल. ती संशयी आहे, तिच्यावर बसून कुणी एका दमात सही करणार नाही. खिडकीजवळची एक खुर्ची त्यांच्या मते झोपाळू होती आणि तिचा त्यांनी सरकारी कामासाठी उपयोग करून घेतला होता. कुणी अर्जदार तावातावानं भांडायला आला की पेशकार त्याला मोठ्या अदबीनं त्या खुर्चीत बसवायचे, तांब्याभर पाणी द्यायचे आणि आपल्या कामाला लागायचे. अर्ध्या तासात गडी पेंगायला लागे. हसण्यावारी न्यावं तर मी स्वतः एकदा त्या खुर्चीत बसून घोरलो आहे.

खरं म्हणजे पेशकार हे पद तोवर राहिलंच नव्हतं. निजामाचं राज्य गेलं, हैदराबाद राज्य आलं, तेही जाऊन आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि कागदोपत्री ते हेडक्लार्क झाले. पण उस्मानाबादेत हेडक्लार्क म्हणून चौकशी केली असती तर त्यांच्या घरच्या कुत्र्यानंही वळून बघितलं नसतं. मी विशीत कारकून म्हणून त्या दगडी कचेरीत चिकटलो तेव्हा ते पन्नाशीला टेकलेले होते. अंगानं काटक, डोक्यावर काळी टोपी, आणि कान असे मोठे की टोपी त्यांच्यावरच टेकलेली असे. मिसल, म्हणजे प्रकरणाची फाईल, वाचताना ते तिच्याशी बोलत. एखादा अर्ज फारच लांबला की, “बास की आता, कळलं मला,” असं त्याला बजावत आणि पान उलटत.

कचेरीचं आतलं सगळं बांधकाम जुन्या अमदानीतलं. प्रत्येक कारकुनाला फळ्यांच्या आडभिंती घालून एकेक खोली करून दिली होती. खोली कसली, माणूस मावेल एवढं खोकंच, पण त्याला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. त्या कडीच्या आड प्रत्येकानं आपापला संसार थाटला होता. अणदूरचे एक कारकून आत डबाभर शेंगा ठेवून दिवसभर फोडत बसत, आणि टरफलं मिसलींमधून वर मुंबईपर्यंत जात असं लोक म्हणायचे.

माझ्या शेजारच्या खोलीत मुन्शीजी बसत. ते पेशकारांहून नोकरीत दोन वर्षांनी जुने. पांढरीशुभ्र दाढी, इस्त्रीची शेरवानी आणि बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढं वाकावं लागे. त्यांचं उर्दू अक्षर अख्ख्या जिल्ह्यात नावाजलेलं होतं. लोक लग्नाच्या पत्रिका त्यांच्याकडून लिहून घेत. पण आता कचेरीचा कारभार मराठीत आला होता, आणि मुन्शीजींना मराठी बोलता यायचं फर्डं, लिहिता मात्र एक अक्षर येत नव्हतं. ही गोष्ट मला पक्की ठाऊक होती, कारण त्यांच्या मराठी टिपण्या मीच लिहीत होतो. मी त्यांच्या खोलीत जायचं, कडी लावायची, त्यांनी सांगायचं, मी लिहायचं आणि खाली त्यांनी सही करायची. तेवढी सही त्यांनी चित्र पाठ करावं तशी पाठ केली होती.

एकदा मी शहाणपणा करून म्हणालो की मी तुम्हाला शिकवतो, महिन्याभरात येईल. त्यावर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “बेटा, माझी नातवंडं पाटी घेऊन बसतात. म्या पण बसू का त्यांच्या रांगेत?” त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

अशात पुण्याकडून नवे साहेब आले. वय तिशीचं, चाल झपझप, आणि भिंतींवर त्यांचा भारी राग. भिंत म्हणजे दिरंगाई, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. पंधरा दिवसांत सुतार आले आणि आमच्या खोल्या फळी फळी करून निघाल्या. शेंगांचा डबा उघडा पडला. साहेबांची स्वतःची खोली तेवढी राहिली, कारण तिथं गुप्त कागद असतात म्हणे. मोकळ्या हॉलात टेबलं मांडली आणि वरून दोन हुकूम निघाले. पहिला असा की कुणाचीही जागा ठरलेली नाही, ज्याला जसं काम पडेल तसं त्यानं बसावं. दुसरा असा की ज्यांना मराठी लिहिता येत नाही त्यांची नावं दोन-अडीच महिन्यांत वर कळवायची, त्यांना घरी बसवण्यात येईल.

मुन्शीजींच्या नोकरीची तीन वर्षं उरली होती. हुकूम वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि तसाच हातात धरून बसले. आता कडी नव्हती, दार नव्हतं, आणि त्यांच्या टेबलाशी बसून मी लिहायला लागलो असतो तर अकरा माणसांनी बघितलं असतं. मी धावत पेशकारांकडे गेलो आणि काहीतरी करा म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं की बाजारात खडू काय भावानं मिळतो.

पण खडूच्या आधी टोप्यांचं प्रकरण झालं. जागा ठरलेली नाही म्हटल्यावर आमच्या लोकांनी एसटीची रीत काढली. गाडी फलाटाला लागायच्या आत जसा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशा कचेरी उघडल्याबरोबर खिडक्यांतून टोप्या पडायला लागल्या. टोपी टाकायची, आणि मग निवांत चहा पिऊन यायचं. अणदूरच्या कारकुनांची टोपी एकदा थेट दौतीत पडली आणि पुढं महिनाभर त्यांचं कपाळ निळं होतं. पेशकारांनी दोन दिवस नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी आम्ही चहा पिऊन आलो तर हजेरीपुस्तकात प्रत्येकाच्या नावापुढं लिहिलेलं, ‘टोपी हजर, इसम गैरहजर’. आम्ही गयावया केली, पण ते हलेनात. म्हणाले, “टोप्यांनी सकाळधरनं लई काम केलं. एकीनं बी शेंगा खाल्ल्या न्हाईत.” दुसऱ्या दिवसापासून कोण कुठं बसणार ते रोज सकाळी पेशकार बोट करून सांगायला लागले.

आणि त्याच आठवड्यात त्यांनी खडू आणला. सगळ्यांना बाहेर उभं केलं आणि गुडघ्यांवर रांगत रांगत प्रत्येक टेबलाभोवती फरशीवर चौकोन आखला. एका बाजूला हातभर जागा मोकळी सोडली. ते दार. मग उठून कंबर धरत त्यांनी नियम सांगितले. दुसऱ्याच्या खोलीत शिरायचं तर दारातूनच शिरायचं. आधी बाहेर उभं राहून तोंडानं टक टक म्हणायचं आणि आतल्यानं या म्हटल्यावर आत यायचं. भिंतीतून कुणी हात घालायचा नाही, कागदसुद्धा द्यायचा नाही. मला वाटलं, म्हातारा कामातून गेला.

पण गंमत बघा, दोन दिवसांत सगळे त्या भिंती पाळायला लागले. टेबलाला टेबल लागून बसलेली माणसं एकमेकांना टाचणी द्यायला उठून अर्ध्या हॉलाला वळसा घालून यायची आणि दाराशी उभी राहून टक टक म्हणायची. शोभेच्या दारूच्या परवान्यासाठी तेरखेड्याचा एक माणूस आला होता. त्यानं हा प्रकार शांतपणे पाहिला, पायताण बाहेर काढलं, टक टक म्हणाला आणि आत येऊन विचारलं की हवा लई कोंडलीय, खिडकी कुठंय. पेशकारांनी लगेच खडू काढून त्याला एक खिडकी आखून दिली.

साहेब हे बघायला आले ते तरातरा थेट पेशकारांच्या टेबलाकडे निघाले. पेशकारांनी नुसता हात वर केला.

“साहेब, भिंत हाय.”

साहेबांचा पाय तसाच अधांतरी राहिला. त्यांनी खाली पाहिलं, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, आणि कसं कोण जाणे, पाय मागं घेऊन दाराकडे वळसा घालून आले. दाराशी तर ते खाकरलेसुद्धा. आत आल्यावर स्वतःवरच इतके चिडले की कान लाल झाले. पेशकारांनी त्यांना समजावलं की तंबाखूचं व्यसन सोडवताना डबी एकदम काढून घेत नाहीत, रोज चिमूट कमी करत नेतात. ह्या लोकांना वीस-वीस वर्षं भिंतींची सवय आहे, ती बोट बोट पुसून काढू. साहेबांनी एक महिना दिला.

मग दर शनिवारी पेशकार ओलं फडकं घेऊन एकेक भिंत पुसायला लागले. पहिल्या शनिवारी सगळ्यांची डावी भिंत गेली. सोमवारी अणदूरचे कारकून भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर गुंडाळून आले, का तर डावीकडून वारं लागतं. दुसऱ्या शनिवारी मागची गेली, तेव्हा दोघंतिघं दिवसभर मागं वळून वळून बघत होते. महिनाअखेर फरशी स्वच्छ झाली आणि लोक सरळ चालायला लागले, काही वेळ तोंडानं टक टक म्हणत, मग तेही सुटलं. एकट्या मुन्शीजींची खोली राहिली. ते रोज सकाळी लवकर येऊन पुसलेल्या रेघा पुन्हा ओढत. पेशकार ते बघत आणि दुसरीकडे बघत.

मला ह्या सगळ्याचा संताप यायला लागला होता. इकडं एका भल्या माणसाच्या नोकरीवर गदा आलेली आणि तिकडं हे फडकं घेऊन पोरखेळ करत बसलेले. मी एकदा तसं तोंडावर बोललोसुद्धा. पेशकारांनी माझ्याकडे पाहून विचारलं की आज कुठल्या खुर्चीत बसलायस. मी सांगितली. “मग बरोबर हाय,” एवढं म्हणून ते कामाला लागले.

त्याच सुमाराला त्यांचं नवं खूळ निघालं. भिंती गेल्यानं शेजाऱ्याचा आवाज कानात जातो आणि कामात चुका होतात, तर प्रत्येकानं आवाजाची भिंत करावी. म्हणजे काय, तर जे लिहायचं ते मोठ्यानं उच्चारत लिहायचं. तेही घाईनं नाही. अक्षर सुटं करून, काना, मात्रा, वेलांटी सगळं सांगून, हात थांबवत. आपलाच आवाज आपल्या कानात राहिला की दुसऱ्याचा शिरणार नाही. झालं. दुसऱ्या दिवसापासून अकरा बाप्ये एका हॉलात ‘त ला काना ता’ करत तहसिलीची पत्रं लिहायला लागले. बाहेर अर्जदारांची गर्दी जमायची आणि हसून हसून त्यांची पुरेवाट व्हायची. चहावाला तर कप मांडताना ‘च ला काना चा’ असं म्हणायला शिकला.

मुन्शीजी तेवढे गप्प असत. त्यांना पेशकारांनी जुन्या उर्दू मिसली चाळायचं काम दिलं होतं, त्यामुळे लिहायचा प्रश्न नव्हता. रोज त्यांचा शेजारी बदले. एक दिवस तो मान मला मिळाला. मी वैतागून ‘म ला काना मा’ करत होतो, आणि सहज नजर खाली गेली. टेबलाखाली मुन्शीजींचं बोट त्यांच्या गुडघ्यावर फिरत होतं. मी ग म्हटलं की गुडघ्यावर ग उमटे, मी र म्हटलं की र. डोळे मात्र मिसलीवर. मी बोलता बोलता थांबलो तर बोटही थांबलं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मुन्शीजींच्या शेजारी आजवर कोण कोण बसलं ते मी आठवून पाहिलं. ज्यांचं अक्षर वळणदार आणि हात सावकाश, नेमके तेच. अणदूरच्या कारकुनांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्यांना तिकडं एकदाही पाठवलं नव्हतं. मला इतकं हसू आलं आणि इतकं भरून आलं की मी पुढचा सगळा कागद चुकवला. त्या दिवसापासून माझ्याइतक्या जोरात कुणी ओरडलं नसेल.

आणि मीच घोटाळा केला. साहेबांनी जाता जाता मला विचारलं, नवी व्यवस्था कशी काय चाललीय. मी त्या आनंदात होतोच, तोंडातून निघून गेलं, “छान आहे साहेब, पहिलीचा वर्ग मजेत चाललाय.” साहेब थबकले. मी जीभ चावली, पण उशीर झाला होता. पहिलीच्या वर्गात शिकतंय कोण, असं त्यांनी विचारलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसलं. हॉलात जाऊन त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं की मराठी न येणाऱ्यांची यादी उद्याच वर जाईल. उद्या प्रत्येकानं त्यांच्यासमोर एक ओळ मराठीत लिहायची, आणि तोंडातून आवाज काढायचा नाही.

रात्र माझी कशी गेली ते मलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी अकराला साहेब उभे राहिले आणि एकेकाला ओळ सांगत गेले. सगळ्यांची झाली. शेवटी ते मुन्शीजींच्या टेबलाशी आले. त्या दिवशी मुन्शीजींनी सकाळी येऊन रेघा ओढल्या नव्हत्या, हे मला तेव्हाच दिसलं.

साहेबांनी सांगितलं, “लिहा. सदर अर्जदाराच्या अर्जाची चौकशी करून अहवाल सादर करावा.”

मुन्शीजींनी टाक दौतीत बुडवला, झटकला, आणि कागदाच्या उजव्या कडेला टेकवला. तीस वर्षांचा उर्दूचा हात, तो जिथं जायचा तिथंच गेला. साहेब त्यांच्या खांद्यामागं उभे. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की तिकडून नाही, तिकडून नाही, पण तोंड उघडायची सोय नव्हती.

समोरच्या टेबलाशी पेशकार बसले होते. त्यांनी एक कोरा कागद ओढला, कोपर चांगलं उंच करून टाक उचलला आणि आपल्या कागदाच्या डाव्या कडेला टेकवला. ते पाहून मीही टेकवला. मग अणदूरच्या कारकुनांनी, मग त्यांच्या पलीकडच्यानं. बघता बघता हॉलभर टाक डावीकडे टेकले. मध्ये एकही फळी नव्हती, त्यामुळे मुन्शीजींनी मान वर केली आणि त्यांना आम्ही सगळेच्या सगळे दिसलो.

त्यांनी टाक उचलला नाही. तसाच कागदावरून डावीकडे सरकवत नेला. उजवीपासून डावीपर्यंत कागदाच्या माथ्यावर एक लांब सरळ रेघ उमटली. आता संपलं, असं मला वाटलं. पण मुन्शीजी त्या रेघेला लावून, डावीकडून, एकेक अक्षर खाली टांगत निघाले. स, द, र. ओठ हलत होते, आवाज नव्हता. शेवटचं अक्षर लिहून त्यांनी टाक ठेवला तेव्हा त्यांच्या दाढीतून घाम टपकत होता.

साहेबांनी कागद उचलून उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. “आधी रेघ मारून लिहिता. जुन्या वळणाचे दिसता. मोडी येत असणार तुम्हाला,” ते म्हणाले. “असं अक्षर आता बघायला मिळत नाही.” मुन्शीजींनी आदाब केला. साहेब आपल्या खोलीत गेले, आणि अणदूरच्या कारकुनांनी सगळ्या हॉलात शेंगा वाटल्या.

संध्याकाळी मी पेशकारांना समोरच्या हॉटेलात गाठलं आणि साहेबांसमोर मीच घाण केली ते कबूल केलं. त्यांना ते आधीच कळलं होतं. ते बशीतल्या चहावर फुंकर मारत राहिले. मग मी मनात होतं ते विचारलं. दोन महिने लोकांनी तुम्हाला वेड्यात काढलं, साहेबांनी मनात आणलं असतं तर तुमचीच नोकरी गेली असती. एवढं सगळं त्यांच्यासाठी का केलंत?

पेशकारांनी बशी खाली ठेवली.

“म्या नोकरीला लागलो ते उर्दू येतं असं सांगून लागलो. अलिफ बी येत न्हवता. मुन्शीजींनी पहिल्याच दिवशी वळखलं. आठ महिने जेवणाच्या सुट्टीत दाराला कडी लावून त्यांनी मला शिकवलं, आन् आजवर एका माणसाला कळू दिलं न्हाय. त्यांच्या घरी बी ठावं न्हाय.”

त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि परत घातली.

“मला बी तसंच कडी लावून शिकवायचं होतं त्यांना. साहेबानं दारच ठेवलं न्हाय. मग काय करतो, सगळी कचेरी शाळंत बसवली.”